आमदाराला लोकसभा लढवायची तर आधी राजीनामा द्यावा लागतो का?

नाही. आमदारकी खिशात ठेवून खुशाल उभं राहा.

आमच्या सोलापूरचंच बघा ना. 2024 ला समोरासमोर दोन्ही आमदारच होते. काँग्रेसकडून प्रणिती शिंदे, 2009 पासून सलग तीनदा शहर मध्यमधून निवडून आलेल्या. भाजपकडून राम सातपुते, माळशिरसचे आमदार. माळशिरस तर सोलापूर लोकसभेत येतही नाही, ते माढ्यात. चालतं, त्याला कायद्याची आडकाठी नाही.

सातपुते हरले, पण आमदारकी शाबूत राहिली. (पुढे नोव्हेंबरात विधानसभेलाही पडले, तो भाग वेगळा.) शिंदे सुमारे 74 हजारांनी जिंकल्या, तेव्हा त्यांना आमदारकी सोडावी लागली.

खरी गंमत पुढेच आहे. दोन्ही सभागृहांत एकाच वेळी बसता येत नाही, हे घटनेच्या कलम 101 मध्ये आहे. निवडून आल्याचं राजपत्रात प्रसिद्ध झालं की 14 दिवसांत आमदारकीचा राजीनामा द्यायचा. नाही दिला तर जाते ती खासदारकी, आमदारकी नव्हे! बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. पारावर यावरून पैजा लागलेल्या मी ऐकल्यात.

रिकाम्या जागेवर साधारण सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते. शहर मध्यला झाली नाही, कारण विधानसभेची मुदतच वर्षाच्या आत संपत होती.