छताला ओल, वरचे म्हणतात आमची गळती नाही

प्रश्न: आमची इमारत तळमजला अधिक चार, वय पस्तीसच्या आसपास. बाथरूमच्या छताला बारा महिने ओल असते, पोपडे पडतात. वरचे काका म्हणतात, ‘आमच्या टाइल्स नव्या आहेत, गळती आमची नाही.’ दोनदा रंग काढून झाला. आता काय करू?
— एक वाचक, कन्नमवार नगर, विक्रोळी

उत्तर: तिसऱ्यांदा रंग काढू नका. ओल्या स्लॅबवर पुट्टी धरत नाही, आतलं पाणी तिला खाली ढकलतं. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. त्यासाठी काकांची एकही टाइल फोडावी लागत नाही, हे त्यांना पहिल्यांदा सांगा.

बारमाही ओल म्हणजे नुसतं पावसाचं पाणी नव्हे. मग संशय तिघांवर: भिंतीतला नळाचा पाइप, नहाणी ट्रॅप (जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) आणि फरशीचे सांधे. नव्या टाइल्समुळे यातलं काहीच सुटत नाही. अनेकदा जुन्या फरशीवरच नवी चिकटवतात आणि खालचा ट्रॅप तसाच राहतो.

ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा, तारीख लिहा, फोटो काढा. ओलीजवळ दिव्याचा होल्डर असेल तर त्या दिव्याची वीज मेन स्विचवरून बंद ठेवा. आता काकांच्या बाथरूमला पाणी देणारा व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवायला सांगा. आंघोळ, कपडे बादलीच्या पाण्यावर. टपटप थांबली तर दोष पाइपचा, कारण त्यात टाकीचा दाब चोवीस तास असतो. मे महिन्यात वरचं घर गावी गेलेलं असताना, सगळे नळ बंद असूनही थेंब पडत असतील, तरी पहिला संशय पाइपवरच.

व्हॉल्व्ह बंद करूनही टपटप थांबली नाही तर फरशीची परीक्षा. नहाणी ट्रॅपचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या कापडाने घट्ट बंद करा. फरशीवर दोन इंच पाणी साठवा, पण उंबरठ्याच्या किमान बोटभर खाली. त्यात खायचा लाल रंग मिसळा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि चोवीस तास तसंच ठेवा. तेवढा दिवस काकांच्या घरच्यांना आंघोळीला तुमच्याकडे बोलवा, बोलणंही सोपं होतं. दोन-तीन मिलिमीटर पाणी हवेतच उडतं. सेंटिमीटरभर उतरलं किंवा खाली लाल डाग आला तर सांधे गळतात. काहीच घडलं नाही तर बोळा काढून चार-पाच बादल्या रंगीत पाणी ट्रॅपमध्ये सोडा. आता डाग उठला तर दोष ट्रॅपचा किंवा त्याच्या पुढच्या जोडाचा. मुंबईच्या जुन्या इमारतींत बहुतेक वेळा हाच निघतो.

सांधे गळत असतील तर जुनं व्हाइट सिमेंट तीन-चार मिलिमीटर खोल खरवडून, पूर्ण वाळवून इपॉक्सी ग्राउट भरा आणि दिवसभर पाणी लागू देऊ नका. ट्रॅपसाठी मात्र त्याच्याभोवतीची फूटभर फरशी काढावीच लागते. गवंडी घाईत ट्रॅप आणि स्लॅब यांच्यामधली फट नुसत्या सिमेंटने बुजवतो. ते आकसतं आणि वर्षभरात पुन्हा गळती. फट न आकसणाऱ्या ग्राउटनेच भरून घ्या. पूर्ण फरशी काढली तर वॉटरप्रूफिंगचे दोन हात भिंतीवर फूटभर चढवा, कोपऱ्यात वाटा मारा (भिंत-फरशीचा कोन सिमेंटने गोलसर भरा), आणि टाइल बसवण्याआधी हीच पाण्याची परीक्षा पुन्हा घ्या.

दुरुस्तीनंतरही दोन-तीन आठवडे छत ओलं राहील, कारण फरशीखालचा विटांचा कोबा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. त्यावरून काकांशी भांडू नका. रेघेच्या आत ओल सरकतेय ना, तेवढं बघा. सळया दिसत असतील तर सोसायटीला लेखी कळवा. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारकच आहे.

खर्चाचं म्हणाल तर आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) संडास, सिंक वगैरेंची आतली गळती सभासदाने स्वखर्चाने काढायची. गच्ची, पावसाचं पाणी आणि सामाईक पाइप सोसायटीच्या खर्चाने.

प्रश्न: आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर. टाकी डोक्यावर असून नळाला धार नाही, दुसऱ्या मजल्यावर मात्र जोरात येतं. असं का?
— एक वाचक, टिळक नगर, चेंबूर

उत्तर: टाकी डोक्यावर आहे म्हणूनच. दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक किलो दाब देतं. तुमच्या नळावर दोनच मीटर असेल तर दाब त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा. तरी आधी गच्चीवर बघा: टाकीतून उतरणाऱ्या तुमच्या लाइनला उभा हवेचा पाइप आहे का, आणि त्याचं तोंड उघडं आहे का? नसेल तर लाइनमध्ये हवा अडकते, धार तुटत तुटत येते. तो असूनही फरक पडला नाही तर टाकीपासून स्वतंत्र, मोठ्या व्यासाची लाइन घ्या, किंवा सोसायटीच्या परवानगीने याच लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवा.

पालिकेच्या लाइनला मात्र थेट पंप कधीही लावू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. ओढ बसली की फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत खेचलं जातं आणि तेच सगळ्या इमारतीच्या टाकीत उतरतं.

प्रश्न: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला सोसायटीचा सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी साठवलेला राखीव निधी) वापरता येईल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: नेहमीची दुरुस्ती असेल तर आधी दुरुस्ती निधी बघा, तो दरवर्षी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दराने जमायला हवा, सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. सिंकिंग फंड पुनर्बांधणी किंवा मोठ्या संरचनात्मक कामासाठी असतो. त्याला हात लावायचा तर वास्तुविशारदाचं प्रमाणपत्र आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, नुसत्या कमिटीच्या सहीवर पैसे काढता येत नाहीत.