नदीकाठचा मुक्काम आणि नदीचे पाणी

प्रश्न : अमेरिकेतील एका राष्ट्रीय वनातल्या नदीकाठच्या साध्या कॅम्पग्राउंडवर आम्ही मुलांसह तंबूत राहणार आहोत. तेथे नळ व वीज नाही. नदीचे पाणी प्यावे का आणि भांडी नदीतच धुतली तर चालेल का?

उत्तर : तळाचे गोटे दिसावेत इतके पाणी नितळ असले, तरी ते तसेच पिऊ नये, कारण जनावरांच्या विष्ठेतून मिसळणारा जिआर्डिया हा परजीवी डोळ्यांना दिसत नाही. खळखळून उकळी फुटल्यावर पाणी १ मिनिट, तर ६,५०० फुटांहून अधिक उंचीवर ३ मिनिटे उकळत ठेवावे. मुले सोबत असल्याने पिण्याचे पाणी शक्यतो घरूनच न्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

भांडी मात्र नदीत मुळीच धुऊ नयेत. जैवविघटनशील म्हणून विकला जाणारा साबणही प्रवाहात गेल्यास जलचरांना अपाय करतो. बादलीभर पाणी घेऊन काठापासून २०० फूट दूर जावे, खरकटे गाळून कचऱ्याच्या पिशवीत भरावे आणि उरलेले पाणी मोकळ्या जमिनीवर विखरून टाकावे. अन्नाचा वास अस्वलांना ओढून आणतो, म्हणून तंबूत बिस्किटाचा पुडाच काय, टूथपेस्टसुद्धा ठेवू नये.

शेकोटीला त्या दिवसांत बंदी नाही ना, हे वन कार्यालयात आधी विचारावे. सरपणही जवळपासचेच घ्यावे, कारण दुरून आणलेल्या लाकडातून झाडे मारणारी एमराल्ड ॲश बोररसारखी कीड नव्या जंगलात पोहोचते.