मांडव, मंच, स्टॉल : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नवरात्र आणि त्यामागून येणारा प्रदर्शनांचा हंगाम तोंडावर असल्यामुळे या वेळी तात्पुरत्या बांधकामाचे प्रश्न बरेच आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या नवरात्रात मैदानावर २४ बाय १६ फुटांचा, ४ फूट उंच स्टेज बांधतात. गेल्या वर्षी मुलांच्या नाचाच्या वेळी तो डुलत होता आणि एक कोपरा दोनेक इंच खचला. मंडपवाले म्हणतात, या वर्षी जाड प्लाय टाकू. तेवढ्याने भागेल का? (एक वाचक, मुलुंड)

नाही भागणार. डुलणं आणि खचणं ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि प्लायच्या जाडीचा दोन्हींशी संबंध नाही. खाली दर दोन फुटांवर आडवा आधार असेल तर १८ मिलिमीटरचा प्लाय पुरतो. ८ बाय ४ फुटांचे १२ तुकडे लागतील.

आधी खचण्याचं पाहू. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात मंचासाठी दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलो भार धरायला सांगितला आहे. तुमचा स्टेज ३५.७ चौरस मीटरचा, म्हणजे एकूण भार जवळजवळ १८ टन. दर चार फुटांवर पाय दिला तर ७ गुणिले ५, असे ३५ पाय होतात आणि आतल्या प्रत्येक पायावर सुमारे ७४० किलो येतात. स्टेजचं स्वतःचं वजन वेगळं.

आता हा पाय जमिनीवर कसा टेकतो ते बघा. ४८ मिलिमीटरचा पाईप नुसता मातीवर उभा केला, तर दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोचा दाब पडतो. पाईप खुंटीसारखा आत जाणारच. खाली १५ बाय १५ सेंटिमीटरची बेस प्लेट दिली की दाब ३.३ किलोवर येतो, पण पावसाळा नुकता संपलेल्या भरावाच्या मैदानाला तोही जास्त आहे. प्लेटखाली २५ बाय ६० सेंटिमीटरची, किमान दीड इंच जाडीची सलग फळी टाका. मग दाब अर्ध्या किलोपर्यंत उतरतो. तरीही माती चिखलाळ असेल तर तेवढा थर काढून खडी कुटून घ्या. फळीऐवजी विटांची चवड लावू देऊ नका. वीट एका कडेवर दबली की तडकते आणि पाय एकदम खाली येतो.

तुमच्या पत्रातली कोपऱ्याची गोष्ट महत्त्वाची आहे. कोपऱ्यातल्या पायावर वाटणीने सर्वांत कमी भार येतो, आतल्या पायाच्या चौथा हिस्सा. तरी तोच खचला, म्हणजे एकतर तिथे स्पीकरची रास रचली होती, किंवा मैदानाचं पाणी त्या बाजूला उतरतं, किंवा तिथे कधीतरी चर खणून बुजवला आहे. मांडणीच्या आधी लोखंडी सळई घेऊन चारही बाजूंना टोचून पाहा. हाताने सहज फूटभर आत गेली तर ती जागा कच्ची समजा. स्पीकरसाठी स्टेजपासून सुटा चौथरा करा. त्यामुळे आवाजाची थरथरही फळ्यांत उतरत नाही.

डुलण्याचं कारण एकच : तिरपे पाईप कमी. उभे आणि आडवे पाईप कितीही घट्ट आवळले तरी चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. नाच चालू असताना उभ्या भाराच्या १० टक्के जोर आडवा येईल असं धरून चालावं. तुमच्या स्टेजला हा जोर १.८ टन होतो. म्हणून चारही बाजूंना कैची, म्हणजे एकमेकांना छेदणारे तिरपे पाईप, हवीच, शिवाय आतल्या पायांच्या एकाआड एक ओळीत, दोन्ही दिशांना. तिरपा पाईप पायाच्या तळाजवळून सुरू होऊन वरच्या जोडाजवळ संपला पाहिजे. मध्येच कुठेतरी बांधलेला तिरपा पाईप दिसायला कैची, कामाला काही नाही.

उंची जुळवायला स्क्रू जॅक वापरा. पाईप जोडणारे कपलर साधारण ५० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत आणि पहिल्या रात्रीच्या कार्यक्रमानंतर सगळे पुन्हा पाहावेत, कारण नाचाच्या हादऱ्याने नट सैल होतात. कार्पेट अंथरण्याआधी आठ मोठ्या माणसांना स्टेजवर उभं करून तालात डावीकडे-उजवीकडे झुलायला सांगा आणि एकाला खाली बसून पाय पाहू द्या. दोष दिसला तर तो तेव्हाच दुरुस्त होतो. मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना मीटरभर उंचीचा कठडा लावाच. मुलं मागे सरकतात तेव्हा प्रेक्षकांकडे बघत असतात.

प्रश्न : जुहूला मोकळ्या मैदानात बक्षीस समारंभ आहे. स्टेजमागे ट्रसच्या (पाईपांच्या जाळीदार सांगाड्याच्या) चौकटीवर २० बाय १० फुटांचा फ्लेक्स लावायचा आहे. कंत्राटदार म्हणतात, फ्लेक्सला भोकं पाडली आणि पायांवर थोड्या वाळूच्या पिशव्या टाकल्या की झालं. थोड्या म्हणजे किती? (एक वाचक, विलेपार्ले)

हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं. आधी भोकांचं. अर्धचंद्राकृती चिरा पाडल्याने वाऱ्याचा जोर फारसा कमी होत नाही, फ्लेक्स मात्र तिथून फाटायला लागतो. खरंच वारा आरपार जायला हवा असेल तर जाळीदार फ्लेक्सवर छपाई करून घ्या.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट, तर दाब चौपट. ताशी ३६ किलोमीटरला दर चौरस मीटरवर ६ किलो, ५४ ला १४ किलो, ७२ ला २४ किलो. तुमचा फ्लेक्स साधारण १८.६ चौरस मीटरचा. सपाट पडद्यावर जोर आणखी पाचव्या हिश्श्याने वाढतो, हे धरलं तर ५४ च्या वाऱ्यात त्यावर सुमारे ३०० किलो येतात. फ्लेक्सचा मध्य जमिनीपासून २.७ मीटरवर आहे असं समजा. ट्रसचा पाया पुढून मागे २ मीटर लांब असेल तर ३०० गुणिले २.७ भागिले २ म्हणजे ४०५ किलो, आणि दीडपट सुरक्षितता धरून ६०० किलो वजन वाऱ्याच्या बाजूला हवं. वारा कुठूनही येतो, तेव्हा पुढे ६०० आणि मागे ६००. दोन पायांच्या चार टोकांवर प्रत्येकी ३००, म्हणजे २५ किलोच्या १२ पिशव्या एका टोकाला, एकूण ४८. पाया फक्त मीटरभर लांब असेल तर हा आकडा दुप्पट होतो. म्हणून वजन वाढवण्याआधी पाया लांबवा. पिशव्या पायाच्या टोकावर चढवून बांधायच्या, शेजारी ठेवायच्या नाहीत. ओल्या गवतावर पाया घसरतो, तिथे जमिनीत मेखाही ठोका.

हा सगळा हिशोब ५४ च्या वाऱ्यापुरता आहे. मुंबईसाठी आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. तात्पुरत्या बांधकामाची सूट धरूनही तो ३२ मीटर उरतो, म्हणजे ताशी ११५ किलोमीटर. त्या वाऱ्यात दर चौरस मीटरवर ६२ किलो येतात. एवढ्यासाठी वजन रचणं परवडत नाही, म्हणून फ्लेक्स वेळेत उतरवता आला पाहिजे. वरची कड पाईपला बांधून तो पाईप दोन चेन पुलींवर ठेवा, म्हणजे दोन माणसं तो सारखा खाली घेऊ शकतात. हातातलं वायुवेगमापक यंत्र स्वस्तात मिळतं, ते आणा. ३६ ला माणसं पुलीपाशी, ४५ ला फ्लेक्स खाली. निर्णय एकाच माणसाचा, आणि त्याचं नाव कार्यक्रमाआधी सगळ्यांना माहीत हवं. ऑक्टोबरातले दुपारनंतरचे गडगडाटी ढग फार अवधी देत नाहीत. १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरचा फलक कोसळून १७ जणांचे जीव गेले, ते या शहराने पाहिलं आहे. समोर खुर्च्यांवर बसलेल्या माणसांपेक्षा पाहुण्यांच्या मागचा फोटो महत्त्वाचा नाही.

प्रश्न : घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमधल्या प्रदर्शनात ३ बाय ३ मीटरचा तयार स्टॉल घेतला आहे. पहिलीच वेळ आहे. काय काय पाहावं? (एक वाचक, ठाणे)

पहिली चूक मापाची होते. पाठीमागची भिंत ३ मीटरची म्हणून लोक १० फुटांचा फ्लेक्स छापून आणतात. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, आणि ॲल्युमिनियमच्या खांबांची जाडी वजा जाता आतली मोकळी रुंदी ३ मीटरहूनही थोडी कमी भरते. फ्लेक्सला सुरकुत्या पडतात किंवा तो दुमडावा लागतो. आयोजकांच्या पुस्तिकेतलं दिसणाऱ्या पॅनेलचं माप मागून घ्या, ते साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतं. तीन पॅनेलवर एकच चित्र पसरायचं असेल तर मध्ये दोन खांब येणार हे लक्षात ठेवा आणि नावाची अक्षरं खांबावर पडू देऊ नका. खांब झाकायचे असतील तर पुढे सनबोर्ड (फोमचा हलका फलक) लावावा लागतो.

पॅनेलला खिळा, स्क्रू चालत नाही. चिकट व्हिनाइल काढताना गोंद राहिला तर नुकसानभरपाई द्यावी लागते. साखळीचे हुक किंवा सहज निघणारी फोमची टेप वापरा. ठळक मजकूर दीड मीटरच्या वर हवा, खालचं सगळं उभ्या गिऱ्हाइकांच्या पाठीमागे जातं. काउंटर समोरच्या पूर्ण रुंदीत आडवा लावू नका. एका बाजूला मीटरभर पुरे, बाकी वाट मोकळी. भिंतीच्या फळ्यांवर रिकामे डबे आणि नमुने मांडा, भरलेल्या बरण्या जमिनीवरच्या रॅकवर ठेवा. कुलूप लागणारं एक कपाट आधीच मागून घ्या.

विजेचं गणित मसालेवाल्यांना हमखास नडतं. तयार स्टॉलमध्ये बहुधा ५ अँपिअरचा एकच सॉकेट असतो. चव दाखवायला २,००० वॉटची इंडक्शन शेगडी लावली तर ती ८.७ अँपिअर ओढते आणि ब्रेकर पडतो. १५ अँपिअरचा वेगळा पॉइंट मुदतीत नोंदवा, ऐन वेळी दर चढतो. शिजवायची परवानगी आहे का, हेही तेव्हाच लेखी विचारा.

वरच्या पट्टीवर नाव देवनागरीत हवं असेल तर नुसतं टाइप करून पाठवू नका. समोरच्या संगणकावर तो फाँट नसला की जोडाक्षरं तुटतात आणि ‘स्वाद’चा ‘स् वाद’ होऊन तीन दिवस डोक्यावर राहतो. अक्षरांचं आकारात रूपांतर केलेली फाइल द्या आणि छापण्याआधीचा नमुना मागा.

प्रश्न : मांडवाचं कापड आग न पकडणारं करण्यासाठी घरच्या घरी द्रावण करता येतं का? (एक वाचक, गिरगाव)

सुती कापडासाठी येतं. आयएस ८७५८ हे मानक तात्पुरती बांधकामं आणि मांडव यांच्या अग्निसुरक्षेसाठीच आहे. वजनाने प्रमाण असं : अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २, टाकणखार १, बोरिक ॲसिड १, तुरटी २ आणि पाणी ३५ भाग. म्हणजे ३५ लिटर पाण्याला एकूण १० किलो रसायनं. टाकणखार आणि बोरिक ॲसिड आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, थंड करा, मग बाकीचं घाला. कार्बोनेट शेवटी, थोडं थोडं : फेस येतो आणि अमोनियाचा वास सुटतो, म्हणून काम उघड्यावर, हातमोजे घालून. कापड पूर्ण भिजवून न पिळता वाळवा. एक पट्टी कापून मोकळ्या जागी पेटवून पाहा. ज्योत काढताच विझली पाहिजे.

पॉलिएस्टरवर हे बसत नाही. ते वितळून पेटते थेंब खाली सोडतं, म्हणून मांडवात नकोच. नायलॉनचे दोरही नकोत, काथ्या वापरा. एक पाऊस पडला की द्रावण धुऊन जातं, कापड पुन्हा भिजवावं लागतं. पिनांना आणि लोखंडी पाईपला या क्षारांनी गंज चढतो, तोही पाहत राहा.

प्रश्न : जनरेटर किती केव्हीएचा (क्षमतेचं माप) घ्यावा? २४ एलईडी पार (स्टेजवरचे रंगीत दिवे), ८ शार्पी (फिरत्या झोताचे दिवे), साउंड आणि १० चौरस मीटरची एलईडी भिंत आहे. (एक वाचक, डोंबिवली)

पार १५० वॉट धरून ३.६ किलोवॉट, शार्पी ३५० ने २.८, साउंड ८, भिंत ७. एकूण २१.४. ०.८ ने (जनरेटरचा नेहमीचा पॉवर फॅक्टर) भागलं की २७ केव्हीए, आणि जनरेटर ७० टक्क्यांवर चालवायचा म्हणजे ३८. चाळीसचा काठावर आहे, ६२.५ चा घ्या. साउंडला एक फेज पूर्ण वेगळा द्या, उरलेला भार दोन फेजांवर समान वाटा.

केव्हीएपेक्षा न्यूट्रलची (परतीच्या तारेची) काळजी जास्त घ्या. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सैल झाला की कमी भाराच्या फेजवर २३० व्होल्टऐवजी ४०० च्या जवळ दाब चढू शकतो आणि ॲम्प्लिफायर, प्रोसेसर क्षणात जळतात. न्यूट्रलचा लग (तारेच्या टोकाचा जोड) आवळलेला आहे हे स्वतः पाहा, चालू भारावर त्याला हात लावू देऊ नका, आणि साउंड जोडण्याआधी तिन्ही फेजांचा दाब मीटरने मोजून लिहून ठेवा. प्रत्येक फाट्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. ट्रस आणि स्टेजची चौकट अर्थिंगच्या तारेने जोडलेली हवी, कारण कलाकार एका हातात माइक धरून दुसरा हात त्याच लोखंडावर टेकवतो.