आउटलाइन मारली म्हणजे रेघ आली का?

या महिन्यात चित्रकलेची चार पत्रं आलीत आणि चौघांचं दुखणं रेघच, त्यामुळं एकत्रच घ्यायलोय.

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यात नववीला आहे. स्पर्धेला भातलावणीचं चित्र दिलेलं, पाऊस, बैल, बांध, मागं डोंगर सगळं आहे त्यात. तपासणारे म्हणाले रंग चांगलेत पण रेषेचा वापर दिसत नाही. मी तर एकूणएक वस्तूला काळ्या स्केचपेननं आउटलाइन मारलीय, मग रेषा नाही असं कसं? (चित्राचा फोटो जोडलाय.)

उत्तर : फोटो दोनदा बघितला बाळ, आणि राग मानू नको पण मला तपासणाऱ्यांचीच बाजू घ्यावी लागतेय. रेघा तुझ्याकडं भरपूर आहेत, पण सगळ्या एकाच कामाला जुंपल्यास, रंग बाहेर सांडू नये म्हणून कुंपण घालायच्या. पुढचा बैल आणि पार मागचा डोंगर, दोघांना तेवढ्याच जाडीची काळी कड, म्हणून डोंगर सरळ बैलाच्या पाठीवर येऊन बसलाय. पावसाळ्यात तुमच्याकडचे डोंगर बघ की, धुक्यात कड दिसते तरी का? मग तिथं रेघ बारीक, फिकट, मधेमधे पुसल्यासारखी पाहिजे, आणि बैलाच्या पोटाखाली, खुरांपाशी, जिथं वजन आहे आणि सावली आहे, तिथं जाड. पाठीवर उजेड पडतो तिथं रेघ चक्क तोडून टाक, डोळा आपोआप जोडून घेतो.

आता तुझे बांध. सगळे पट्टीनं मारल्यासारखे आडवे झालेत. आडव्या रेघेनं चित्र शांत होतं, झोपतं म्हणू या, आणि उभ्या रेघेनं ताठ होतं. हालचाल पाहिजे तर तिरकी नाहीतर वळणाची रेघ घ्यावी लागते. बांध खरं तर वळत वळत जातात, ते तसेच जाऊ दे, आणि त्यातला एक तरी बांध बघणाऱ्याला कागदाच्या कोपऱ्यातून उचलून बैलजोडीपर्यंत नेऊन सोडेल असा काढ. पाऊस तू उभा पाडलायस, तो तिरका कर, सगळा एकाच बाजूनं, जवळचा ठळक आणि लांबचा बारीक.

आणि एक गोष्ट तुझ्या चित्रात तुला न कळत मस्त जमलीय. लावण करणाऱ्या पाच बायका एका ओळीत वाकल्यात. त्यांच्यामधी तू रेघ ओढलेली नाहीस, तरी त्या पाच पाठींची मिळून एक लांब कमान दिसते. न काढलेली रेघ म्हणतात ती हीच, आणि डिझाइनमधी तिला फार मान आहे. उगाच त्यांच्या मागं झाडं घालून ती झाकलीस एवढंच.

तेच चित्र परत काढ, रंग नकोतच, एक बारीक जेल पेन आणि एक जाड स्केचपेन बास. पोटाच्या गोलाईसाठी पोटाबरोबर वळणाऱ्या बारीक रेघा, चिखलासाठी तुटक आडव्या. के. के. हेब्बर (१९११–१९९६) हे उडुपीकडचे चित्रकार, त्यांची नाचणाऱ्यांची रेखाचित्रं कुठं मिळाली तर बघ, थोडक्याच रेघांत अख्ख्या अंगाचा झोक येतो.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. एक रेघ मारायला दहादा खोडतो, तरी रेघ केसाळ दिसते. पट्टी देऊ का? — एक आई, वडगाव, बेळगाव

उत्तर : पट्टी नको ताई, आधी खोडरबर काढून घ्या, रडेल दोन दिवस. पोरं पेन्सिल टोकाशी आवळून धरतात आणि नुसती बोटं हलवतात, त्यामुळं इंच इंच करत रेघ जोडावी लागते आणि तिला केस फुटतात. लांब रेघेला कोपरापासून हात हलायला पाहिजे. जुना पेपर आडवा ठेवा, त्यावर लांब लांब दोन ठिपके द्या, हवेतच दोनदा हात फिरवून बघायला सांगा आणि मग एका दमात ओढायची. नजर पेन्सिलच्या टोकावर नाही, पोचायचंय त्या ठिपक्यावर. सायकल शिकताना चाकाकडं बघितलं की पडतो, तसंच हे. वाकडी गेली तर जाऊ दे, शेजारी दुसरी.

घरी आजी असतील तर त्यांच्याबरोबर सकाळी ठिपक्यांच्या रांगोळीला बसवा. चिमटीतनं पीठ सोडत हात न थांबवता पुढं न्यायचा, थांबला की तिथं ढीग पडतो. वर्गात मला हे शिकवायला महिना लागतो, उंबऱ्यात आठवड्यात येतं.

प्रश्न : सर, मी चिकोडीची, डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. रेषा या विषयावर पॅनेल करायचंय. मी कसुतीतला (आपल्या कर्नाटकातलं धागे मोजून करायचं भरतकाम) हत्ती आणि गोपुर काढलं तर मॅडम म्हणाल्या ही कॉपी झाली. कसुती सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नको गं, उलट अजून आत जा. तू कसुतीचा हत्ती उचललास, तिची रेघ उचलली नाहीस. कसुतीत कापडावर आधी काही छापत नाहीत, धागे मोजून टाका घालतात, म्हणून रेघ फक्त आडवी, उभी नाहीतर तिरकी जाते. गवंती टाका एकदा पुढं जाताना एक सोडून एक घर भरतो आणि परत येताना राहिलेली घरं भरतो, गाठ नाही, दोन्ही बाजू सारख्या. मुर्गी तसाच पण पायऱ्यांसारखा नागमोडी. नेगी विणल्यासारखा दिसतो आणि मेंथी म्हणजे फुलीचा, त्यानं जागा भरते. म्हणजे चार टाके, चार तऱ्हेच्या रेघा.

चौकटीच्या वहीवर हाच नियम पाळ, हत्ती नको. घरं मोजत रेघा ओढ, एकीकडं दाट, दुसरीकडं विरळ. दाट तिथं काळं दिसतं, विरळ तिथं उजेड, आणि लय तिथनंच येते. मधेच एका ठिकाणी नियम मोड, एकच वळणाची रेघ घाल, बघणारा तिथं थांबणार म्हणजे थांबणार. रंग घ्यायचाच असेल तर चंद्रकळेचा काळा बॅकग्राउंडला घे. आणि मॅडमना हत्तीची नाही, टाक्यांची वही दाखव.

प्रश्न : रेखाटनाला पेन्सिल एचबी घ्यावी की ४बी, म्हणजे जास्त मऊ आणि काळी? — निपाणी

उत्तर : दोन्ही घ्या. एचबीनं मांडणी, ४बीनं जिथं वजन पाहिजे तिथली रेघ. टोक लांब करा, आणि ४बी आडवी धरून पण ओढून बघा, एकाच पेन्सिलीत तीन जाड्या निघतात. सेट नको.