आन्ना-लेना हॅर्कोनेन मुळात लेखिका की अभिनेत्री? विनोदी अंगाची बाई इतकं जड कसं लिहिते?

दोन्ही, पण नाव झालं ते लेखिका म्हणून. जन्म 1965 चा, फिनलंडच्या उत्तरेकडच्या लिमिंकाची. 1984 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 'हॅरॅन्ताप्पोआसे' ही तिची पहिली कादंबरी आली. शहरातल्या आल्लू नावाच्या पोराला सुट्टीत मनाविरुद्ध खेड्यावर नातेवाइकांकडे धाडतात आणि तो तिथल्या केर्तूच्या प्रेमात पडतो. पदार्पणासाठीचा एर्को पुरस्कार मिळाला, 1989 मध्ये टीव्ही मालिकाही झाली. अभिनय ती टाम्पेरे विद्यापीठात रीतसर शिकली आणि ते तिच्या संवादांत दिसतं. माणसं भांडतात तशीच भांडतात, कुणी भाषण देत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो वाचून मला राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी घरच्यांच्या तोंडून ऐकलंय.

मी टाम्पेरेतच राहते. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत माझी नक्कल ठरलेली, घरातही मी 'हसवणारी'. बाळ नोव्हेंबरात झालं, दुपारी साडेतीनलाच अंधार. त्याला दूध पाजताना मला काहीच वाटायचं नाही. माया नाही, रागही नाही. नणंदबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "तू तर सगळ्यांना हसवतेस, तुला कसलं आलंय डिप्रेशन? आणि तिथं सरकार बाळाची पेटी घरपोच देतं, आम्हाला कुणी दिली होती?" पेटी मिळाली होती, खरं आहे. पुठ्ठ्याची, तळाला छोटी गादी, वर बर्फातला जाडा पोशाख, दुपटी, लंगोट, सगळं नीट घडी करून. 1938 पासून ही पद्धत आहे. त्या पेटीकडे बघत मी तासन् तास बसायचे, आणि उपकार वाटण्याऐवजी मला आणखीच गुन्हेगार वाटायचं.

नेउवोलात, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी दवाखान्यात, नर्सनं नैराश्य तपासायचा दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला. उत्तरं वाचून ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, डॉक्टरांची वेळ मी घेते, आणि जमलं तर हॅर्कोनेनचं 'हेइकोस्ती पोसितीविनेन' वाच. हे 2001 चं पुस्तक हॅर्कोनेननं बाळंतपणानंतरच्या स्वतःच्या नैराश्यावर लिहिलंय. मी ते तुटक्या फिनिशमध्ये, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. एवढ्या काळोख्या पुस्तकात मी मध्येच हसले, बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच. बरी झाले ती औषधांनी आणि डॉक्टरीणबाईंमुळे, पण मी एकटी नाही हे त्या पुस्तकानं सांगितलं.

म्हणून 'विनोदी बाई जड कसं लिहिते' हा प्रश्नच मला पटत नाही. जिला माणसाचं वेडंवाकडं वागणं दिसतं, तिला त्याचं दुखणंही दिसतंच. 'एइ कीतोस' (2008) मध्ये नवऱ्याला बायकोत रस उरलेला नाही, आणि ते वाचताना हसूही येतं, पोटात खड्डाही पडतो. 2014 मध्ये त्यावर सिनेमा निघाला. 'लोप्पूनकॅसितेल्ती' (2005) तर तिच्या स्वतःच्या बहिणीच्या आत्महत्येवर आहे. ते लिहायला जी हिंमत लागते, ती गंभीर चेहऱ्यानं फिरणाऱ्या कितीतरी लेखकांत मला दिसलेली नाही.

सुरुवात 'हॅरॅन्ताप्पोआसे'पासून करा. तिचं सगळंच लेखन एका ताकदीचं नाही, हेही सांगते. आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर बहिणीवरचं पुस्तक सध्या बाजूला ठेवा.

तुमच्या घरात कुणी हसवणारी बाळंतीण असेल, तर 'तुला काय धाड भरलीय' असं म्हणू नका. ती झोपते का, जेवते का, ते विचारा आणि सरळ डॉक्टरांकडे न्या. नणंदबाई आजही म्हणतात की हे सगळं त्या पुस्तकांनी डोक्यात भरवलं. अहो, तो कागद मी पुस्तक हातात यायच्या आधी भरला होता.