चौथ्या मुलाचे आकडे ठेवायचे की गाळायचे?

प्रश्न : उमरखेड तालुक्यातल्या चार मुलांवर वाचनाची एक पद्धत वापरून पाहिली. तिघांत फरक पडला, चौथ्यात नाही. मार्गदर्शक म्हणतात, त्याला वगळा. आणि आकडे इतर अभ्यासकांसाठी खुले केले तर मुलं ओळखू येतील का? – विशेष शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : मॅडम, वगळू नका. एक गाळला की तीनपैकी तीन यशस्वी दिसतात, आणि दुसरी एखादी शिक्षिका तशाच मुलावर वर्ष घालवते. आलेख चौघांचेही द्या. चौथ्याची हजेरी जोडा. कापूस वेचणीच्या दिवसांत सत्रंच बुडाली असतील, तर पद्धत फसली असं म्हणता येत नाही. पद्धत सुरू करण्याआधीच्या नोंदी प्रत्येकाच्या किमान 3, शक्यतो 5 हव्यात.

आकडे खुले करताना नुसतं नाव काढून भागत नाही. गावात कर्णबधिर मुलगी बहुधा एकच असते. वय, गाव आणि अपंगत्व एका ओळीत आलं की पारावरचा कुणीही ओळखेल. गावाऐवजी जिल्हा, जन्मतारखेऐवजी वयोगट, तारखांऐवजी सत्र क्रमांक लिहा. यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक आणि व्हिडिओ अजिबात नको. संमतीपत्रात ‘आकडे इतर अभ्यासकांना देऊ’ ही ओळ वेगळी, तिची सहीही वेगळी; कोलामी किंवा बंजारा बोलणाऱ्या घरात ती त्यांच्या बोलीत समजावून सांगा.

पुढचा आराखडा काम सुरू होण्याआधी ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधनाचे आराखडे आणि आकडे ठेवण्याच्या संकेतस्थळावर नोंदवा. मोफत आहे, नोंदीवर तारीख पडते. मग ‘वगळा’ म्हणणाऱ्यालाच कारण लिहून द्यावं लागतं.