घर पांढरीत, शेत काळीत

निफाडकडच्या एका ताईंनी विचारलं आहे, "आमचे सासरे नेहमी म्हणायचे, घर पांढरीत आणि शेत काळीत. यातली पांढरी म्हणजे पांढऱ्या मातीची जमीन का? गावातल्या पडक्या गढीलाही काही जण पांढरीच म्हणतात. ते बरोबर आहे का?"

ताई, तुमच्या सासऱ्यांच्या वाक्यात पांढरी हे विशेषण नाही, नाम आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, शिवार. पांढरी म्हणजे माणसं राहतात ती जागा, गावठाण. काळी-पांढरी म्हटलं की शिवार आणि वस्ती मिळून अख्खं गाव आलं. म्हणून "पांढरीत राहतो" हे पूर्ण वाक्य आहे, त्यात "माती" हा शब्द घालायची गरज नाही.

पण रंगाचा संबंध आहेच, आणि मला या शब्दातलं सर्वांत मोलाचं तेच वाटतं. गोदाकाठची मूळ माती काळीभोर. मग वस्तीखालचीच तेवढी पांढरी का? कारण ती निसर्गाने दिलेली नाही, माणसांच्या राहण्याने झालेली आहे. मातीच्या भिंती पावसात विरघळायच्या, त्यांच्यावरच नवं घर उभं राहायचं. चुलीची राख, शेणाची राख, चुना, हाडं, फुटकी मडकी असं सगळं शेकडो वर्षं एकावर एक साचत गेलं. त्यातून राखाडी-पांढरट मातीचं टेकाड तयार झालं. गाव उठून गेलं तरी टेकाड राहिलं आणि त्याचं नावही राहिलं. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना जुन्या वस्तीचा माग काढताना गावकऱ्यांच्या तोंडचा हा शब्द फार उपयोगी पडतो.

उजाड गावासाठी जुन्या महसुली कागदांत "बेचिराग" असा शब्द येतो. तो फारसी, अर्थ "जिथे दिवा नाही". मराठीत त्याचं बेचिराख झालं आणि आपल्याला त्यात राख दिसू लागली. व्युत्पत्ती म्हणून ती राख चुकीचीच, पण उजाड गावाची पांढरी खणली तर राख खरोखर सापडते!

आता गढी. गढी म्हणजे पाटील-देशमुखांचा तटबंदीचा वाडा, म्हणजे बांधकाम. ती बहुधा गावातल्या उंच जागी, जुन्या पांढरीवरच बांधत आणि तिच्या जाड भिंतींनाही हीच चिवट माती वापरत. त्यामुळे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. बोलताना चालेल, लिहिताना वेगळे ठेवावेत. नाशिक शहरातच गोदावरीकाठी मातीची गढी आहे, तिलाच आपण जुनी गढी म्हणतो. तिथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी 1950-51 साली उत्खनन केलं. वरच्या थरांत मराठा आणि मुसलमानी काळ, त्याखाली सातवाहनांचा काळ आणि तळाशी ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातली, वस्ती निघाली. त्याच हंगामात संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे गावीही खोदकाम झालं. लाल रंगावर काळी नक्षी असलेली तोटीची भांडी ही तिथल्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची खूण, आणि तिला नावही जोर्वे या गावाचंच मिळालं. ती साधारण इ.स.पू. 1400 ते 700 या काळातली. नाशिकची ही गढी पावसाळ्यात ढासळते, तिच्यावर आजही कुटुंबं राहतात. एक दरड कोसळली की काही शतकांचे थर नदीकडे जातात, आणि वर राहणाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

पांढरी नष्ट होण्याचं एक कारण तिच्या गुणातच आहे. ही माती पाणी सहज झिरपू देत नाही, म्हणून धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांवर पावसाळ्याआधी तिचा थर देत. माझ्या लहानपणी आमच्या धाब्यावर पाट्यांनी माती चढायची आणि तिच्यात हमखास खापराचे तुकडे निघायचे. आम्ही मुलं ते ठिक्कर खेळायला घ्यायचो. ते किती जुने असतील, हे तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पाट्यांनी नेलेल्या मातीने टेकाड संपत नसे. जेसीबी मात्र आठवड्यात सपाट करतो, आणि एकदा थर कालवले गेले की कोणती वस्तू कोणत्या काळातली हे सांगता येत नाही.

तर ताई, घरचा सातबारा काढून बघा. त्यावर "शेताचे स्थानिक नाव" असा रकाना असतो. तिथे पांढरी, पांढरीचं शेत, जुनं गाव असं काही लिहिलेलं असेल, तर नांगरटीनंतर एक चक्कर मारा. नक्षीची खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी दिसले तर उचलू नका. जागेवरच फोटो घ्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि सासऱ्यांचं ते वाक्य कुठे लिहाल तेव्हा "पांढरीत" असंच लिहा, "पांढऱ्या मातीत" नको.